काचेला वास नसतो

मला लोक बहुतेक एकच विचारतात: स्वच्छतागृह कुठे?
मी हात करतो. चिनी घंटा ओलांडा,
संगमरवरी घोडेस्वाराला वळसा घाला, मग डावीकडे.
एकोणीस वर्षांत हे इतक्यांदा सांगितलं
की झोपेतही सांगतोस, म्हणायची रग्ना,
होती तोवर.

जानेवारीत मिनियापोलिसचा दिवस लवकर आटोपतो.
माणसं कलेसाठी कमी, उबेसाठी जास्त येतात.
बुटांना चिकटून रस्त्यावरचं मीठ आत येतं,
फरशीवर पांढरे नकाशे काढत जातं
इजिप्तपासून पेरूपर्यंत,
आणि रात्री एफ्राइन ओल्या फडक्यानं
ते सगळे देश पुसून टाकतो.

मी आधी पिठाच्या गिरणीत होतो. गिरणी बंद पडली,
तिथं आता महागडी घरं आहेत.
कलेतलं मला काही कळत नाही.
कोण हात लावणार, तेवढं कळतं.
खांदा आधी चुगली करतो.
पोरं लावतात, त्यांचं सोडा.
मोठ्यांमध्ये लावतात ते
ज्यांच्या घरी तसलंच काहीतरी असतं.

हिबाक आजी (नाव नातवानं नंतर सांगितलं)
जांभळ्या ओढणीवर जाडजूड कोट घालून
पेटी क्रमांक चौदासमोर थांबल्या.
दुधाचं भांडं. सोमालिया, विसावं शतक.
मुळांचे तंतू, चामडं, कवड्या.
कलाकार अज्ञात.

आणि हसल्या. रिकाम्या दालनात, चांगल्या मोठ्यानं.
नातू ओशाळला. अयानले. सोळा-सतराचा असेल.
"आजी म्हणते, अज्ञात कसली?
बाईनं विणलंय. डावखुऱ्या बाईनं.
वीण बघा, उलटी फिरलीय."

एकोणीस वर्षं मी त्याच्यासमोर उभा.
मला ते फिरलेलं दिसलं नव्हतं.

"आजी विचारते, धुरी शेवटची कधी दिली?"
कसली धुरी?
मग त्या हातांनीच सांगू लागल्या:
निखारा असा आत, झाकण असं घट्ट,
असं हलवायचं, कडेवरच्या पोरासारखं.
धुरीशिवाय दूध नासतं.
आणि भांडं, दूध नसलं तरी,
आतल्या आत तडकत जातं.

मी म्हणालो, पेटीत आर्द्रता पंचेचाळीस टक्के
कायम राखलेली असते.
अयानलेनं हे आजीला सांगितलंच नाही.

खांदा हलला.
"बाई, मागे व्हा" म्हणायचा मला पगार मिळतो.
मी भिंतीवरच्या अग्निशामकाकडे बघत राहिलो,
त्याच्यावर तपासणीची तारीख असते, ती वाचली,
पुन्हा वाचली.
त्या वाकल्या. काचेला नाक टेकवलं.
अलार्म वाजला, थांबला.
सरळ होऊन त्या एकच शब्द बोलल्या.
"काय म्हणाल्या?"
"म्हणते, काहीच येत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, स्वच्छतागृह कुठे.
चिनी घंटा, घोडेस्वार, डावीकडे.

पाचला दारं बंद झाली.
काचेवर बेताच्या उंचीवर
नाकाचा एक धुरकट ठसा होता.
मी त्याच्या जरा वर वाकलो.
काच पुसायच्या औषधाचा वास, बस्स.
पुन्हा अलार्म. रेडिओ खरखरला:
"हाल्वर, कोण आहे आत?"
"पाहुणे," म्हटलं. "निघालेत."

एफ्राइन फडकं घेऊन आला.
म्हटलं, चौदा नंबर आज राहू दे.
त्यानं कारण विचारलं नाही. तो कधीच विचारत नाही,
म्हणून आमचं पटतं.

नोंदवही मात्र विचारते.
दालन अकरा, पेटी चौदा, अलार्म दोनदा.
कारण:
त्या रकान्यावर पेन टेकवून मी बराच वेळ बसलो,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मग लिहिलं:
विणणारी डावखुरी होती.
खाली सही केली, वेळ टाकली,
टोपी चढवली आणि बर्फात निघालो.